डेडस्टॉकमधील जिवंत संगणक

शाळेच्या आणि कचेरीच्या कारभारात 'डेडस्टॉक' हा शब्द ज्याला ठाऊक नाही असा शिक्षक वा लिपिक विरळा. टेबल, खुर्ची, कपाट, भिंतीवरचे घड्याळ, जी जी टिकाऊ वस्तू खरेदी होते ती या नोंदवहीत चढते; आणि एकदा चढली की निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर होईपर्यंत तिला हात लावण्याची कोणाची प्राज्ञा नसते. लाकडी बाकाच्या बाबतीत हा नियम योग्यच आहे. पण संगणकही याच वहीत चढतो, आणि बंद पडला की मोडक्या बाकासारखाच भिंतीला टेकून वर्षानुवर्षे पडून राहतो. दुरुस्तीला पैसा नाही, मोडीत काढावयास मंजुरी नाही, आणि कोणी उघडून पाहिला तर लेखापरीक्षणात आक्षेप येण्याची धास्ती, अशा तिहेरी कोंडीत सापडलेल्या संगणकांच्या कुलूपबंद खोल्या जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील अनेक वाचकांनी स्वतः पाहिल्या असतील. या खोल्यांची कुलपे काढावीत, आणि उघडून तपासल्याखेरीज कोणताही संगणक मृत ठरवू नये, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

प्रस्तुत लेखकाला एका मे महिन्यात धुळे जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत अशी खोली उघडून पाहण्याचा योग आला. मुख्याध्यापकांनी सौजन्याने परवानगी दिली. पण "सर, त्यातला एकही चालत नाही, उगाच उन्हाचे कष्ट घेऊ नका," असे तेथील लिपिकांनी आधीच बजावले होते. सोबत त्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी होता. तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला शिकणारा. खोलीत दहा संगणक होते आणि त्यांवर बोटभर धूळ होती. त्या मुलाने एक मऊ ब्रश, एक स्क्रू ड्रायव्हर, एक खोडरबर आणि नाण्याएवढ्या काही बॅटऱ्या एवढ्या सामग्रीवर कामास आरंभ केला. रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी टोके त्याने खोडरबराने घासली, पंख्यात अडकलेली धूळ झाडली, मदरबोर्डवरील तीन व्होल्टची बॅटरी बदलली. पहिला संगणक सुरू झाला नाही, दुसराही नाही. तिसऱ्याने एक बारीक शीळ दिली आणि पडद्यावर अक्षरे उमटली. दिवेलागणीपर्यंत दहांपैकी पाच चालू झाले, दोन यंत्रांचे भाग त्या पाचांना उपयोगी पडले, आणि तीन खरोखरच निकामी निघाले. वहीच्या लेखी मात्र दहाही सारखेच मृत होते.

ही यंत्रे शाळांत कशी आली आणि अशी का पडून राहिली, हे ध्यानात घेतले पाहिजे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ मध्ये झाली आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्याला पोचला. पुढे केंद्र शासनाने डिसेंबर २००४ मध्ये शाळांसाठी माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची योजना जाहीर केली. महाराष्ट्रात तिची अंमलबजावणी 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या धर्तीवर झाली; म्हणजे पुरवठादाराने संगणककक्ष उभारावा, ठरावीक वर्षे निदेशकासह चालवावा आणि मुदत संपताच शाळेच्या स्वाधीन करावा. मुदती संपल्या आणि निदेशक गेले. शाळेच्या हाती यंत्रे आली, पण ती चालती ठेवण्याचे ज्ञान आणि त्यासाठीची तरतूद हाती आली नाही. त्यानंतर एखादी केबल सैल झाली तरी तेवढ्या कारणाने सबंध यंत्र बाद होऊ लागले, यात नवल ते काय?

आता या साठ्यात नवी भर पडण्याची वेळ आली आहे. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला. तिच्या जागी आलेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा व्यवस्था आणि ठरावीक पिढीनंतरचाच प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक संगणक त्या प्रणालीच्या अधिकृत यादीबाहेर राहतात. ही यंत्रे बिघडलेली नाहीत. कालपर्यंत ज्यावर वेतनाची बिले निघत होती तीच ती यंत्रे आहेत. एका कंपनीने आपल्या वेळापत्रकानुसार एक तारीख ठरविली आणि चालती यंत्रे जुनी झाली. या तारखेला आपणही निमूटपणे मान तुकविली, तर कुलूपबंद खोल्यांची संख्या दुप्पट व्हावयास वेळ लागणार नाही.

वस्तुतः दुरुस्तीची परंपरा खानदेशाला नवी नाही. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात ऐन वैशाखात विहिरीवरची मोटार जळाली, तर शेतकरी ती फेकून देत नाही. रातोरात ती रिवाइंडिंगच्या दुकानात पोचते, तांब्याची तार नव्याने गुंडाळली जाते आणि बाग वाळण्यापूर्वी पाणी पुन्हा सुरू होते. टंकलेखन यंत्राचेही तसेच होते. गोदरेजने १९५५ मध्ये देशी टंकलेखन यंत्र बाजारात आणल्यानंतर कित्येक दशके कचेऱ्यांतील ही यंत्रे रिबन, रूळ आणि स्प्रिंगा बदलून चालत राहिली; कोर्टाच्या आवारात बसणारा टंकलेखक आपले यंत्र स्वतः उघडून साफ करीत असे. संगणकाभोवती मात्र आपण अगम्यतेचे एक वलय उभे केले. ते यंत्र विजेवर चालते, त्याचे भाग खाचांत बसविलेले असतात, आणि त्यातला प्रत्येक भाग निराळा काढून बदलता येतो, ही साधी गोष्ट पंधरा-पंधरा वर्षे संगणक हाताळणाऱ्या सुशिक्षितांनाही कोणी दाखविलेली नसते.

तथापि जुने ते सारे सोने, असे म्हणण्याचा भाबडेपणा येथे करावयाचा नाही. जुन्या संगणकांच्या तीन प्रती लावल्या पाहिजेत. पहिली प्रत साधारण २००८ नंतरच्या, दोन वा अधिक गाभ्यांच्या आणि ६४ बिटी प्रोसेसर असलेल्या यंत्रांची. यांत रॅम वाढवून किमान ४ जीबी केली, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविली आणि लिनक्सची एखादी हलकी मुक्त प्रणाली घातली, तर ती पुन्हा रोजच्या कामाला लागतात. मराठी टंकलेखन, लिब्रे ऑफिसमधील पत्रव्यवहार व तक्ते, ब्राउझरमधून भरावयाची शालार्थ किंवा यू-डायसची माहिती, मुलांसाठी भूमितीचे धडे, एवढे काम ती निभावतात. डिजिटल स्वाक्षरीच्या काही कामांना विंडोजच लागेल. त्यासाठी कचेरीत एक नवा संगणक ठेवावा. तेवढ्यासाठी दहा मोडीत काढण्याचे कारण नाही. केरळ राज्याने आपल्या शाळांतील संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर उभे करून दाखविले आहे. जे तेथील शिक्षकांना साधले ते खानदेशातील शिक्षकांना साधणार नाही असे मानणे हा आपल्याच मंडळींचा अवमान होय.

दुसरी प्रत २००० नंतरच्या पेंटियम ४ सारख्या ३२ बिटी यंत्रांची. यांचा काळ मात्र खरोखरच सरत आला आहे. डेबियनसारख्या जुन्या यंत्रांची कदर करणाऱ्या मुक्त प्रणालीनेही ऑगस्ट २०२५ मधील आपल्या १३ व्या आवृत्तीपासून अशा यंत्रांवर नव्याने स्थापना करण्याची सोय ठेवलेली नाही. शिवाय काचेच्या जाड पडद्यासह असे यंत्र सहज २०० वॅटच्या आसपास वीज घेते, म्हणजे पाच तासांना एक युनिट. त्यामुळे त्यांना इंटरनेटला जोडू नये आणि कचेरीच्या नित्याच्या कामालाही लावू नये. मुलांनी ती उघडावीत, जोडावीत, बिघडवावीत आणि पुन्हा जोडावीत. यंत्रशिक्षणाला त्यांच्याइतके स्वस्त साधन नाही. तिसरी प्रत त्याहून जुन्या, १९९० च्या दशकातील यंत्रांची. त्यांचे मोल निराळे असून त्याचा विचार पुढे केला आहे.

आपल्या हवामानाचेही भान ठेवले पाहिजे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. मदरबोर्डवरील विद्युत्संधारित्रे, म्हणजे कपॅसिटर, या उष्णतेत लवकर सुकतात. सर्वसाधारण नियम असा की तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्म्यावर येते. त्यातच २००० च्या आगेमागे जगभर सदोष कपॅसिटरांची एक लाटच आली होती, आणि त्या काळातील अनेक बोर्डांवर फुगलेल्या माथ्याचे कपॅसिटर आजही दिसतात. ते बदलणे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कोणाही कारागिराला जमेल असे काम आहे. मात्र जाड पडद्याचा मॉनिटर आणि वीजपुरवठ्याची पेटी विद्यार्थ्यांनी कदापि उघडू नये. वीज बंद केल्यानंतरही त्यांत प्राणघातक विद्युत्भार शिल्लक राहू शकतो. दुरुस्तीचा उत्साह आणि बेफिकिरी यांतील अंतर शिक्षकानेच सांभाळावयाचे असते.

या सूचनेवर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. शहरातील मुलांना नवी यंत्रे आणि खानदेशातील मुलांना मात्र जुनी, डागडुजी केलेली, हा कोठला न्याय? या आक्षेपाला आपल्या देशाच्या इतिहासाचाही आधार आहे. १९६० च्या दशकात आयबीएम कंपनी अन्यत्र वापरून झालेली १४०१ जातीची यंत्रे भारतात आणून, मुंबईतील कारखान्यात नीट करून, येथील संस्थांना भाड्याने देत असे. त्यावर पुढे कठोर टीका झाली आणि ती योग्यही होती. परंतु या कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. परकी भांडवलाविषयीच्या १९७३ च्या कायद्यावरून मतभेद होऊन आयबीएमने १९७८ मध्ये भारतातून काढता पाय घेतला, तेव्हा तिच्या यंत्रांची देखभाल कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या शासकीय कंपनीने अंगावर घेतली. परक्याने मागे ठेवलेली यंत्रे आपल्या अभियंत्यांनी चालती ठेवली, आणि त्या कामातून ज्ञान आणि आत्मविश्वास दोन्ही मिळविले. देशातील एका अग्रगण्य संगणक कंपनीच्या नावातच देखभाल हा शब्द होता, हे आज विसरले गेले आहे.

तेव्हा प्रश्न यंत्र जुने की नवे असा नाही. ते आपल्याला कळते की नाही, असा आहे. दुसऱ्याने टाकलेले मुकाट्याने स्वीकारणे ही लाचारी आहे, पण आपल्याच मालकीचे यंत्र आपल्याच हातांनी चालते करणे ही विद्या आहे. शासनाने नवे संगणक द्यावेत ही मागणी सोडण्याचे काहीच कारण नाही. परंतु नवे आलेले संगणकही पाच-सात वर्षांनी जुने होणारच आहेत; आणि दुरुस्तीची विद्या नसेल तर तेही त्याच खोलीत, त्याच कुलपाआड जातील.

आता तिसऱ्या प्रतीच्या यंत्रांविषयी. मराठीच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ काटकसरीचा नाही. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या पद्धतींनी साठविला जाई. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड आणि आयएसएम, त्याचप्रमाणे श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांवर एका पिढीचे टंकलेखन झाले. यांतील अनेक फॉन्टांत देवनागरी अक्षराची आकृती रोमन अक्षराच्या जागी बसविलेली असे. तो फॉन्ट नसलेल्या आजच्या संगणकावर अशी धारिका उघडली, की पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक पसारा दिसतो. उपरोक्त शाळेतही एका संगणकावर शाळेच्या जुन्या स्नेहसंमेलनाच्या अहवालासारखे काहीतरी निघाले. फॉन्ट त्याच यंत्रात होता म्हणूनच ते वाचता आले. यंत्र भंगारात गेले असते तर तो अहवालही गेला असता. सेवा सहकारी सोसायट्यांचे हिशेब, तालुक्याच्या गावच्या छापखान्यांत जुळविलेली स्मरणिकांची पाने, महाविद्यालयांतील प्रबंध, असे कितीतरी लेखन या अवस्थेत आजही कपाटांतील फ्लॉपींवर पडून असणे संभवते. साडेतीन इंची फ्लॉपी वाचणारे जोडउपकरण आजही यूएसबीला लावता येते; पण सव्वापाच इंची फ्लॉपी वाचावयास तिचे मूळ ड्राइव्ह आणि ते ओळखणारे जुने यंत्रच सोयीचे पडते. म्हणून असे एखादे चालते यंत्र हे त्या काळाचे दप्तर उघडणारी किल्ली होय. किल्ली मोडीत घालून दप्तर सांभाळण्यात काय हशील?

लिहून आणि जपून ठेवण्याचे मोल खानदेशाला दुसऱ्याने सांगावयास नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी वाड्यांतील आणि अडगळीतील कागद जमविण्यासाठी आयुष्य वेचले. त्यांचे देहावसान ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच नगरीत उभे राहिले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचने आज आपल्या हाती आहेत ती अमळनेरचे शिक्षक साने गुरुजी यांनी ती टिपून घेतली म्हणून. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. घरच्या माणसांनी त्यांची गाणी कागदावर उतरविली नसती, तर १९५२ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले नसते आणि जळगावच्या विद्यापीठाला आज त्यांचे नावही लाभले नसते. शंभर वर्षांपूर्वी अडगळ माळ्यावर होती, आज ती संगणककक्षात आहे. एरवी फरक एवढाच की कागदाला वाळवी लागली तर ती दिसते. चुंबकीय तबकडीवरील अक्षर मात्र पुसले जाताना कोणाला दिसत नाही.

मोडीत काढण्याचा मार्गही दिसतो तितका निर्धोक नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन विद्युत् व इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला, आणि त्यातला केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००४ मधील अभ्यासाने दाखविले होते की पडद्यासह एक संगणक घडविण्यास किमान २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायने आणि दीड टन पाणी खर्ची पडते. म्हणजे यंत्राचा मोठा भार ते विकत घेण्यापूर्वीच पृथ्वीवर पडलेला असतो. भंगारात गेलेल्या सर्किटांतील कणभर सोन्यासाठी ती ॲसिडात बुडविली जातात, तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, आणि जाड पडद्याच्या काचेतील शिसे मातीत मिसळते. जळगाव ही सोन्याची पेठ. तेथील माणसाला शुद्ध सोन्याची पारख सांगावयास नको, पण या सोन्याची किंमत कोणाची फुप्फुसे मोजतात हेही त्याने जाणले पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांत यंत्रे पुन्हा वापरायोग्य करणाऱ्यांनाही नोंदणीद्वारे स्थान दिले आहे. कायद्यालाही दुरुस्तीचा मार्ग मान्य आहे. अडसर आहे तो आपल्या सवयीचा.

यासाठी कोणत्याही भव्य योजनेची गरज नाही. निर्लेखनाच्या प्रस्तावासोबत 'उघडून तपासला' असा एक दाखला जोडणे जिल्हा परिषदांनी आणि शिक्षणसंस्थांनी सक्तीचे करावे. ही तपासणी जळगाव व धुळ्याची शासकीय तंत्रनिकेतने, तालुक्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्या विद्यार्थ्यांकडे प्रात्यक्षिक म्हणून सोपवावी, आणि तिचे गुण त्यांना द्यावेत. तपासणीपूर्वी यंत्रातील मजकुराची प्रत काढावी. त्यातील मुलांची आणि कर्मचाऱ्यांची खासगी माहिती यंत्र दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी पूर्णतः पुसावी. निकामी यंत्रांचे सुस्थितीतील भाग जिल्ह्याच्या एकाच ठिकाणी जमा व्हावेत. आणि जुन्या फ्लॉपी, जुने फॉन्ट, जुन्या धारिका वाचून युनिकोडमध्ये आणणारे एक दालन दोन्ही जिल्ह्यांत मिळून तरी विद्यापीठात किंवा एखाद्या संशोधन संस्थेत असावे. आज त्याला लागणारी यंत्रे आणि ती हाताळलेली माणसे दोन्ही आपल्यात आहेत. आणखी दहा वर्षांनी दोन्ही नसतील.

त्या शाळेतील पाच संगणक जूनमध्ये एका वर्गात मांडले गेले. ज्या मुलींनी संगणकाचे चित्र तेवढे पुस्तकात पाहिले होते, त्या आता त्यावर आपले नाव मराठीत लिहितात. मुख्याध्यापक मात्र अद्याप चिंतेत आहेत. कारण पाच यंत्रे चालू झाली आणि दोन सुटी केली, याची नोंद कोणत्या रकान्यात करावी हे त्यांना कोणी सांगू शकलेले नाही. वहीत तसा रकानाच नाही. चालू झालेल्या वस्तूची नोंद करावयास शासनाच्या नोंदवहीत जागा असावी, ही अपेक्षा अवाजवी खासच नव्हे. तो एक रकाना आखला गेला, तर खानदेशातील कितीतरी खोल्यांची कुलपे आपोआप निघतील.